अ आणि ब इंजेक्शनांची मोजणी

८ मार्च १९८२
माझ्या हाताखालच्या सत्यवतीने आज सगळ्यांसमोर मला खोडून काढलं! तेही आवाज न चढवता.

धनुर्वाताच्या ऐंशी रोग्यांवर दोन इंजेक्शनांची तुलना चालू आहे. खोक्यांवर नुसतं अ आणि ब. नवं कोणतं, आम्हालाही ठाऊक नाही. चाळीस झाले म्हणून मधली मोजणी. अ घेतलेल्या विसांतले तेरा गेले, ब घेतलेल्या विसांतले सहा. मी म्हटलं, थांबवा, सगळ्यांना ब द्या!

ही म्हणते, "सर, मधेच पाहिलं की योगायोगही खरा वाटतो. म्हणून अर्ध्यावर थांबायची अट कडक ठेवतात. एवढा फरक पुरत नाही."

दिल्लीत सहा महिने शिकून आली आहे ना! डॉ. अनंतराव मान डोलवत होते. चौदा वर्षं त्यांचे आकडे मी सांभाळले — माझ्यापुढे अशी मान कधी डोलली नाही.

९ मार्च
तिचं गणित पुन्हा करून पाहिलं. चूक सापडली नाही. फार शोधली.

११ मार्च
वॉर्डातल्या सिस्टर कांताबाई म्हणाल्या, "काहून तोंड पाडून बसले सर?" सांगून टाकलं — ब चांगलं आहे, पण दिल्लीवालीला आणखी मुडदे मोजायचेत! आकडे वॉर्डात जाऊ द्यायचे नाहीत, हा नियम मीच लिहिलेला. पण कोणीतरी माझ्या बाजूने हळहळलं. बरं वाटलं.

२ एप्रिल
अ मधला एक गेला. पहिला विचार — आता कळेल तिला! मग चहा तसाच ओतून दिला.

१४ मे
कामठीचा लहानू, मागावर काम करणारा, आज चालत घरी गेला. माझ्या वहीत अ! त्याची बायको सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याही. आणि मी मनातून चिडलेलो — माणूस जगला म्हणून! काय झालंय मला?

१८ ऑक्टोबर
ऐंशी पुरे. नंतरच्या चाळिसांत अ चे सहा गेले, ब चे सात. एकूण फरक धरण्यासारखा उरला नाही. डॉक्टरांनी पेढे वाटले. "मार्चमध्ये थांबवलं असतं तर फजिती होती!" — माझ्याकडे बघून.

सत्यवती मात्र हळूच म्हणाली, "सर, छापायच्या पेपरवर तुमचं नाव आधी घालू?" भीक! नको म्हटलं.

२१ ऑक्टोबर
उरलेला साठा तपासायला वॉर्डात गेलो. नंतरच्या चाळिसांसाठी आलेली अ ची वीसही खोकी कपाटात, सील शाबूत!

कांताबाई दाराशी उभ्या. "मार्चपासून सगळ्यायले ब च देऊन राहिली मी. ब ची जास्तीची खोकी स्टोअरमधून मागून आणली. कागदावर अ लिहत होती. तुम्हीच तं सांगतलं होतं सर. मंग डोळ्यांदेखत मरू कसं द्यायचं?"

खोकी पुन्हा मोजली. वीसच.

२२ ऑक्टोबर
सकाळीच धरमपेठेत सत्यवतीच्या घरी जाऊन सांगितलं. ती ओरडली नाही. वही मागितली, बोट फिरवत गेली. "अ लिहिलेले आधी विसांत सात जगले होते. नंतर चौदा." छापायला पाठवायच्या पाकिटातून पेपर काढून घेतला. मग म्हणाली, "तुमचं बरोबर असेल सर. पण आता ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही."