कोमट्याच्या घरचं पाणी

परळी वैजनाथ,
ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८४४

प्रिय गंगासागर,

हे पत्र मी माझ्याच हातानं लिहिते आहे, कुणाकडून लिहवून घेतलेलं नाही. या घरात आत्याबाईंची धाकटी सून, माझी जाऊ होऊन आलीस तेव्हा चुलीपुढच्या राखेत बोट फिरवून तू मला बाराखडी शिकवलीस. तेव्हा अक्षर वाकडं वाटलं तर रागावायचा हक्क तुझाच. चार वर्षांत मी तुला एक ओळ धाडली नाही. दिंद्रुडचं कुणी बाजाराला आलं की तुझी चौकशी करायची, भावाकडं बरी आहे एवढं ऐकायचं आणि गप्प बसायचं, असंच चाललं. आत्याबाईंचे गुडघे धरलेत, पण वैजनाथाच्या पायऱ्या अजून स्वतःच चढतात.

वैशाखात आम्ही दोघं हैदराबाद पाहून आलो. यांच्या किती वर्षांपासून मनात होतं. रमजानात कशाला जाता, दिवसा सगळं बंद असतं, असं शेजारी म्हणाले. हे म्हणाले, शहर बघावं तर रमजानातच. परभणीपर्यंत बैलगाडी, पुढं रेल्वे. धूर डोळ्यांत जाऊन मी रडवेली झाले आणि हे खिडकीतून एकेका स्टेशनाचं नाव मोठ्यानं वाचत राहिले.

काय सांगू तुला त्या शहराचं! दिवसा रस्ते झोपल्यासारखे, हॉटेलांच्या दारांना तरटाचे पडदे. ऊन असं की टांग्याचे घोडेही मान खाली घालून उभे. तेच शहर दिवस कलताना जागं होतं. परातीत कलिंगडाच्या फोडी, खजूर, तळलेली डाळ. सगळं पुढ्यात मांडलेलं आणि कुणी हात लावत नाही. हजारो माणसं रोजा सोडायच्या तोफेच्या आवाजाची वाट बघत बसलेली. मक्का मशिदीच्या पायऱ्यांसमोर मी ते पाहिलं आणि मला उगीच हात जोडावेसे वाटले.

तिसऱ्या दिवशी लाड बाजारात गेलो. यांना कापडाची दुकानं बघायची होती, म्हणून मला एका लाखेच्या बांगड्यांच्या दुकानाशी बसवून हे पुढं गेले. दुपार टळत आली होती. बांगड्या बघताबघताच डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी तिथंच कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा दुकानामागच्या खोलीत चटईवर होते. उशाशी दुकानदाराची म्हातारी बायको, हुरमतबी तिचं नाव, ओल्या फडक्यानं माझं कपाळ पुसत होती. नवरा असरच्या, दुपार टळतीच्या नमाजाला गेलेला, घरात दुसरं कुणी नाही. तिचे स्वतःचे ओठ सुकून पांढरे पडले होते. पहाटेपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

तिनं सुरईतून पाणी ओतलं, वाटी माझ्या तोंडाजवळ आणली आणि थांबली. माझ्या कपाळावरचं भस्म तिनं पाहिलं असावं. म्हणाली, "अम्मा, हमारा पानी चलता क्या तुमना? नईं तो सामने कोमटी का घर है, वां से लाती मैं."

माझा घसा लाकडासारखा झाला होता. तरी माझा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला आणि मी मान हलवली. नको म्हणाले, गंगासागर.

ती रागावली नाही. डोक्यावर चादर घेतली आणि त्या उन्हात निघाली. घाईत पायात काही घालायचंही राहिलं. कोमट्याच्या, म्हणजे तिथल्या हिंदू वाण्याच्या, घरचा तांब्या घेऊन आली तो पदरात धरून, आपला हात लागू नये म्हणून, आणि माझ्या ओंजळीत वरून धार धरली. मी प्यायले. पिता पिता तिचे पाय दिसले. फरशीवर उभी राहताना ती एक पाय उचलून दुसरा टेकवत होती. तळवे भाजले होते तिचे. आणि मला विचारत होती, "अब कैसा है अम्मा?"

संध्याकाळी हे शोधत आले, दुकानात तिच्या नवऱ्याजवळ बसले. तोफ झाली. हुरमतबीनं खजूर तोंडात घातला आणि मला अवघडू नये म्हणून पाठ करून पाणी प्यायली. मी म्हणाले, मला तुमच्यातलंच पाणी द्या. ती म्हणाली, "सोच लो." मी तिच्या हातातली वाटी घेतली.

वाटेत यांना सांगितलं. हे म्हणाले, "घरी विषय काढू नको." पण घरी आल्यावर माझ्यानं राहवलं नाही. आत्याबाई गहू निवडत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी इतकंच विचारलं, "रोजा व्हता तिचा? आन् अनवाणी गेली?" मी व्हय म्हणाले. त्यांनी सूप खाली ठेवलं. "गंगासागरला म्या गोठ्याकडं जेवाया बसवलं," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. चार वर्षांत त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं.

आता जे लिहायला बसले ते. मानमोडीच्या साथीच्या साली बीडमध्ये तू आणि भाऊजी दोघंही तापात पडलात. शेजारच्या मुसलमान बाईनं पेज पाजली, म्हणून तू वाचलीस. भाऊजी गेले. इथं आलीस तेव्हा परसात माझ्या गळ्यात पडून तू म्हणालीस, "अक्का, तिनं पाजलं म्हणून मी हाय." हे फक्त मला सांगितलंस. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना कळलं होतं, त्यांनी तुझं पान गोठ्याकडं मांडलं आणि तू भावाकडं निघून गेलीस. तुला वाटलं, बीडहून तुला घेऊन येणाऱ्या सटवा गाडीवानानं सांगितलं. सगळ्यांनाच तसं वाटलं आणि त्याचं या घरचं काम सुटलं. त्यानं नाही सांगितलं. मी सांगितलं. तू आलीस त्या दिवशी आत्याबाईंनी तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं. इतक्या वर्षांत माझं कधी घेतलं नव्हतं. एवढंच कारण. दुसरं मी पुष्कळ शोधून पाहिलं, सापडलं नाही. आत्याबाईंना हे सांगून झालं. सटवाच्या दारातही गेले. तो म्हणाला, "चार सालं झाली बाई, आता कावून सांगायलात?" आत्याबाई तुला आणायला गाडी धाडायला निघाल्या होत्या. मीच थांबवलं. म्हटलं, आधी तिला खरं कळू द्या, मग यायचं की नाही ते तिचं ती ठरवील. तू नाही आलीस तरी त्यांच्यावर राग धरू नकोस. जो काही असेल तो माझ्यावर धर.

तुझीच अक्का,
नीलम्मा