बेदाण्याची लिंक

कवठे महांकाळ, मंगळवार, २० एप्रिल १९९९

इंटरनेटवर बेदाणा शोधला तर आमच्या बेदाण्याची वेबसाइट कुठेतरी तळाला. परदेशी गिऱ्हाईक मिळणार कसं? दुसऱ्यांनी आपल्या वेबसाइटवर आमची लिंक दिली की आम्ही वर सरकतो म्हणे.

आज धाकटे दीर पुण्याचा एक माणूस गाठून आले.

"वैनी, त्यो शंभर ठिकाणी लिंका लावून देतोय!"

"कुणाच्या वेबसाइटवर?"

"जुगाराच्या, कसल्या कसल्या. शोधणाऱ्या यंत्राला काय कळतंय?"

"गिऱ्हाइकाला कळतं." विषय संपवला.

कॉलेजातली कुमुद अमेरिकेत मराठी स्वयंपाकाची वेबसाइट चालवते. तिला नमुना पाठवला होता. संध्याकाळी तिची ईमेल आली. चव छान, पण देठ फार. देठ काढ, मगच लिंक देईन.

"घ्या! मैतरीण म्हणं!" भावजी हसले.

राग आलाच. इतक्या वर्षांची मैत्री, आणि देठांवरून अडवते? शेडमध्ये जाऊन मूठभर बेदाणा तोंडात टाकला. देठ लागले.

मग लिंक हवी ती हिचीच, मैत्रिणीलाही पारखल्याशिवाय न देणारीची. उद्यापासून निवडणाऱ्या बायकांबरोबर मीही बसणार. नंतर कुमुदला नवा पुडा पाठवायचा, आणि सोबत विनवणीचा एक शब्दही लिहायचा नाही.