केळवाडीच्या सातेरीने होकार दिला त्याची हकीकत

मु. देवखण, पेटा सुपे
माघ वद्य पंचमी, शके १८३४

तीर्थरूप रामचंद्रमामा यांच्या चरणी वासूचा दंडवत. इकडे आई, दोन्ही बैल आणि मी खुशाल आहोत (मी बराचसा). तुमचा गुडघा आता काय म्हणतो? अनुसयामामींना सांगावे की त्यांनी धाडलेली चटणी पोचली, आणि संपलीही.

मामा, देवाचं लग्न लागलं! आधीच सांगून टाकतो, कारण हे पोटात ठेवून बाकीचं लिहिणं मला जमणार नाही.

तुम्ही या लग्नाला कधी आला नाहीत (आईला सासरी पोचवायला एकदाच हा घाट चढलात, ते अजून बोलून दाखवता), म्हणून मूळ गोष्ट सांगतो. आमचा देव पाईक केळवाडीच्या सातेरीशी लग्न करायला निघाला. वाटेत त्याला मधाचं पोळं दिसलं. नवरदेव असला म्हणून काय झालं, चढला झाडावर! माश्यांनी असा फोडून काढला की मांडवात पोचला तेव्हा डोळे कुठे नि नाक कुठे ते समजेना. सातेरीने एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली, ती अजून तशीच आहे. केळवाडीच्या देवळात देवीचा पाषाण भिंतीकडे तोंड करून बसलेला आहे. म्हणून दर माघात आम्ही देवाचा चांदीचा मुखवटा पालखीतून नेतो आणि देवीची मनधरणी करतो. गुरव तिच्या पाठीवर ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नकार आला की दोन्ही गावांत वर्षभर एकही लग्न होत नाही. आता कळलं ना, किती जणांचे जीव त्या कळीत अडकलेले असतात ते?

यंदा पालखी निघाली ती थाटात. ढोल, शिंग, पुढे आमच्या गावचा लखू बंदूक घेऊन. नदीच्या उताराला लागल्यावर लखूला जोर आला आणि त्याने बार काढला, तो नेमका आग्या मोहोळाखाली. पुढचं काय सांगू! आकाश काळं झालं, ढोल थांबले, पालखी वाटेत आपटली आणि सगळं वऱ्हाड नदीत गळ्यापर्यंत. मीही पळालो, पण वळून बघतो तर देव एकटाच पडलेला, आणि त्याच्याभोवती माश्या. मला काही सुचेना. परत फिरलो, मुखवटा कांबळ्यात गुंडाळला आणि केळवाडीच्या दिशेने जी धूम ठोकली ती देवळाच्या पायरीवरच थांबलो.

तिथे सगळं गाव जमलेलं. गावचा मुख्य, गावकर भिकाजी पुढे आला. त्याने आधी कांबळ्यातला देव पाहिला, मग माझं तोंड (एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ वड्याएवढा).

"नवरा आला. वऱ्हाड कुठं हाय?"

"पाण्यात हाय," मी म्हणालो.

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. भिकाजी मात्र संतापला. असं लग्न कधी झालं न्हाई, देव माघारी न्यावा, असं त्याचं म्हणणं. गुरव म्हणे, आलेल्या नवऱ्याला उंबऱ्यावरून परतवणारे आपण कोण? पुष्कळ वाद होऊन कळ्या लावल्या. पडेनात! उजवीही नाही, डावीही नाही. तेवढ्यात भिकाजीची मुलगी पुतळी उगाळलेली हळद घेऊन आली, न विचारता माझ्या तोंडाला फासली आणि देवीकडे वळून मोठ्याने म्हणाली, "आई, त्या येळेला तोंड बघून पाठ फिरवलीस. पर सुजलेल्या तोंडानंबी त्यो आलाच न्हवं? पळून तर गेला न्हाई!"

आणि मामा, त्याच वेळी हळद माझ्या नाकात गेली. अशी शिंक आली की समई विझली आणि उजवी कळी टपकन खाली!

"शिंकेनं पडली," भिकाजी ओरडला. "ह्यो कौल न्हवं!"

"मग डावी का न्हाई पडली?" गुरवाने विचारलं. ढोल वाजले, अक्षता पडल्या. आमचं वऱ्हाड पोचलं ते ओलंचिंब आणि माझ्यासारखंच सुजलेलं. पण जेवायला एकाचंही तोंड अडलं नाही. मला तर देवाशेजारी बसवून खीर वाढली.

पत्र लांबलं. मामींना नमस्कार, लहानांना पापा.

आपला भाचा
वासू

ता. क. गुडघा बरा असेल तर घाट चढून या. भिकाजीकडे पुतळीसाठी माझा शब्द टाकायचा आहे, आणि आई म्हणते ते मामानेच करावं. यंदा दोन्ही गावांत लग्नं होणार, दुसरं कोणी आधी जाईल.

ता. क. दुसरा. गुडघा बरा नसला तरी या. सूज आता उतरली आहे. काल कुंभारवाड्याच्या वाटेवर पुतळी भेटली. माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "देवाला घेऊन आला त्यो तुजा थोरला भाऊ काय रे? बरा हाय न्हवं आता?" मला भाऊ नाही, हे तुम्ही जाणताच. मी म्हटलं, बरा हाय.