सोबतीण

३ मार्च
नवी नोकरी, नवी जागा. जागा म्हणजे ताईचंच घर. तिने शिवणयंत्र कोपऱ्यात ढकलून मला खिडकीजवळची बाजू दिली. भाचीला सगळे भिंगरी म्हणतात. सहा वर्षांची आहे, एका जागी ठरत नाही. आल्याआल्या तिने माझी बॅग उचकून पाहिली.

प्रयोगशाळा पायी दहा मिनिटांवर. मुतखड्यावर झाडपाल्याचे अर्क तपासायचे. शस्त्रक्रियेत काढलेले खडे दवाखान्यातून येतात. एक खडा अर्कात ठेवायचा, तसाच दुसरा शेजारच्या बशीत, साध्या पाण्यात. त्या दुसऱ्या बशीला इथे ‘सोबतीण’ म्हणतात. औषध न घेता नुसती शेजारी बसते ती. अर्कातल्या खड्याचं वजन रोज. सोबतिणीचं पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच. वजनकाटा सांभाळणारे म्हातारे काका म्हणाले, पाण्यात बसून कोणाचं काय बिघडतंय. त्यांना सगळे काटेकाका म्हणतात. आडनाव वेगळंच आहे. काट्यामुळे आणि जिभेमुळे हे नाव पडलं.

११ मार्च
सात नंबरच्या अर्कातला खडा आठ दिवसांत निम्मा झाला. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम हरखल्या आहेत.

ताईला आज पुन्हा कळ आली. तिच्या उजव्या कुशीत खडा आहे; एक्स-रेच्या फोटोत सराट्याच्या काट्यासारखा दिसतो, तीन टोकांचा. कळ आली की ती शिवण टाकून फरशीवर आडवी होते आणि लेकीला सांगते, आई जरा गार होतेय. आज ओठ चावून रक्त आलं तिला.

मी सात नंबरची बाटली भरून घरी आणली. चोरीच ती. माणसांवर अजून तपासलेलं नाही, हेही तिला सांगितलं. ती म्हणाली, मग मला माणूस समजू नकोस, दे इकडे.

१९ मार्च
ताईला पाच दिवस कळ नाही. आजच्या फोटोत खडा नाही. डॉक्टर म्हणाले, पडून गेला असेल. ताई म्हणाली, गेला ना, मग पत्ता कशाला विचारायचा. खूप दिवसांनी दोघी पोट धरून हसलो. हसताना माझ्या उजव्या कुशीत काहीतरी टोचलं.

२१ मार्च
आज सोबतीण काट्यावर ठेवली. काटेकाकांनी तीनदा वजन केलं, मग चष्मा पुसून चौथ्यांदा केलं. अर्कातला खडा जितका घटला, नेमकी तितकीच सोबतीण वाढली आहे.

२३ मार्च
सोबतिणीतला खडा काढून घेतला होता. शेजारी फक्त पाणी. आज त्या पाण्यात वाळूएवढा खडा आहे.

तो विरघळत नाही. घर बदलतो. जवळ जो कोणी औषधाविना असेल, त्याच्याकडे जातो.

कुशीत कळ येतेय.

२४ मार्च
माझा फोटो काढला. उजवी बाजू. तीन टोकं.

ताईची सोबतीण मी.

२५ मार्च
रात्रभर भिंतीला पाठ लावून बसले. बाटली समोर होती. दोन घोट घेतले की सुटले असते.

आणि मग? घरात आम्ही तिघी. ताईच्या अंगात अर्क आहे. माझ्याही अंगात गेला, तर उरली भिंगरी. तिची कूस माझ्या तळहाताएवढी.

बाटली मोरीत ओतली. सोमवारी शस्त्रक्रिया. पाच दिवस दात आवळून काढायचे. ताईला काही सांगितलं नाही. तिचं दुखणं माझ्यात आलंय, हे कोणत्या तोंडाने सांगू.

२७ मार्च
सकाळी कळ थांबली. एकदम. पुसून काढल्यासारखी.

मी तर काहीच घेतलं नाही — पाणी, भात, सरबत — सरबत ताईने केलेलं —

विचारलं. यंत्रावरची मान वर न करता म्हणाली, वेडे, तुझा फोटो सापडला मला. चोरीचं म्हणून तू ओतून टाकशील हे ठाऊक होतं, निम्मं आधीच काढून ठेवलं होतं. परवापासून तुझ्या सरबतात घालतेय. माझ्यासाठी चोरी केलीस, आणि स्वतः मात्र सोसत बसलीस होय गं?

हसतेय ती. मी तिला कसं —

परवापासून.

अंगणात आवाज नाही. मघाशी तर होता —

भिंगरी दारात आली. चालत. भिंतीला धरून. दुसरा हात उजव्या कुशीवर. विचारतेय, मावशी, माझ्या पोटात कोणी काय ठे