पोथीत नसलेलं फूल

मालवण,
बुधवार, २ जुलै १९८६

ती. अक्कास,

धाकट्या यशूचा वाकून नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघ्यांना निरगुडीचा पाला बांधतेस की भाचेसुनेने आणलेल्या नळीतलंच मलम चोळत बसतेस? इकडे आम्ही सगळी बरी. म्हैस व्यायली, रेडकू झालं, ते माझ्या सदानंदाच्या चपला चाटतं. दुर्गा सावंतवाडीस सासरी रुळली. नवऱ्याने तिला तळ्याकाठी फिरायला नेलं म्हणून लिहिते. वाचून सुनेने पदर तोंडाला लावला आणि मी मोठ्याने हसले. नातीचा संसार बघायला मिळाला, आणखी काय पाहिजे?

तुझं पत्र रागाचं आहे, ते कळलं. भाईंची माफी माग, देवळात जाऊन गाऱ्हाणं घाल, नाहीतर चतुर्थीला वाडीतलं भजन तुझ्या दारात येणार नाही, असं तू लिहितेस. त्याचं उत्तर देते. पण आधी झाडाचं सांगते, कारण तुला जिने कुणी बातमी पोचवली तिने झाडाचं काहीच सांगितलेलं दिसत नाही. ‘कसलंतरी किरिस्तावांचं फूल’ एवढंच तुझ्या पत्रात. कसलंतरी नाही गो.

आमच्या दगडी गडग्यापलीकडची इमेल्डा तुला ठाऊक आहे, कॉस्मेची बायको, जिच्याकडचं फणसाचं लोणचं तुला आवडलं होतं. तिच्या माहेरी, गोव्यात, ही झाडं आहेत. ती त्याला होर्तेन्स म्हणते. सदानंद म्हणतो, खरं नाव हायड्रेंजिया. माझ्या जिभेला दोन्ही वळत नाहीत. बारीक बारीक चार पाकळ्यांची फुलं, आणि अशी शेकडो मिळून एक गेंद, नारळाएवढा. इमेल्डाच्या दारात गुलाबी गेंद डोलायचे, बाळाच्या गालासारखे. हे वारले त्या वर्षी पावसात तिने मला गडग्यावरून एक फांदी दिली. म्हणाली, “लाय गो, काय तरी बघूक होया मां तुका सकाळी उठल्यार.”

मी लावली. दुसऱ्या वर्षी गेंद आला तो निळा! मी तरातरा गडग्याशी गेले. “इमेल्डा, माका फसवलंस? बरा ता तुज्याकडे आणि उरला-सुरला माका?” ती बघायला आली, बघतच राहिली. एकाच झाडाची फांदी, तिच्याकडे गुलाबी, माझ्याकडे निळी. आठ दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मग कॉस्मेच म्हणाला की नाताळात घराला चुना काढला की उरलेलं सगळं पाणी इमेल्डा त्या झाडाच्या बुडात ओतते, शिंपल्यांच्या चुन्याचं, आणि माझ्या मागीलदारी नुसती तांबडी जांभ्याची माती. त्यानेच रंग पालटतो म्हणे. इमेल्डा हसून हसून गडग्यावर बसली. “तुजी माती तुज्यार गेली गो, कोणाचा आयकना नाय!”

तर अक्का, झाड लावायचं असेल तर हे लक्षात ठेव. ह्याला ऊन नको, मागीलदारी न्हाणीच्या बाजूला सावलीत लाव. पाणी मात्र हपापल्यासारखं पितं. दुपारी पानं अशी लोंबकळतात की वाटावं गेलं, संध्याकाळी दोन तांबे घातले की उठून बसतं. शेणखत थोडं, पालापाचोळा जास्त. आणि थंडीत छाटायचं नाही! एका वर्षी मी सदानंदाचं ऐकून जास्वंदीसारखी कात्री चालवली, आणि ते वर्ष नुसती पानं. येणारं फूल आदल्या वर्षीच्या काडीत झोपलेलं असतं, ते मला मागाहून कळलं. मी आता दारातली कर्दळ काढून टाकणार आहे, फार माजली आहे. अनंत ठेवणार. क्रोटन सुनेला आवडतं म्हणून राहूदे, मला त्यात काही रस नाही, नुसतं रंगवलेलं पान.

भरकटले. आता लग्नाचं.

मे महिन्यात गेंद येतील की नाही हीच मला धाकधूक. रोज सकाळी उठून बघायची. लग्नाच्या आठवड्यात दोन गेंद पुरे उमलले, आभाळासारखे. दुर्गा उठल्या उठल्या मागीलदारी गेली आणि ओरडली, “आजी, माका वेणी नको, ह्या होया!” मुंबईची आत्ये मोगऱ्याची वेणी घेऊन आली होती, तिचं तोंड एवढंसं झालं.

लग्नाच्या सकाळी मी गेंद कापले, ताटात ठेवले. इतक्यात आमचे भाई आले. माझे धाकटे दीर, तुला माहीत आहे, हे गेल्यापासून घराचा मोठेपणा त्यांनी आपणहून खांद्यावर घेतलेला. म्हणाले, “वयनी, तुमी मागीलदारी बसा. शुभकार्य हा. आणि ही किरिस्तावांची फुला, तीय तुमच्या हातची, चेडवाच्या केसात?”

मी गप्प राहिले असते, खरंच. चार वर्षं गप्प राहण्याची सवय झाली होती. पण दुर्गा आतून तशीच बाहेर आली, अर्धे केस सुटलेले, म्हणाली, “आजीच्या हातान माळतलंय. नायतर मोकळ्या केसांनी उभी रवतलंय, मगे भटजी आणि तुमी काय ता बघा.”

 सून रडकुंडीला आली. सदानंद खांबाला टेकून जमीन बघत होता, त्याचं नेहमीचं. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी ताट घेऊन सरळ ओट्यावर भटजींकडे गेले. ते विधीची तयारी करत होते. मी विचारलं, “भटजीनु, ह्या फुलाचा नाव काय?”

“माका काय म्हायत? ह्या आपला फूल नाय.”

“पोथयेत आसा?”

“नाय.”

“देवाक चलता?”

“वास नाय त्येका. चलना नाय, चलता असाय नाय. कोणी इचारलाच नाय आजवर.”

“मगे ह्या फूल विधवेन माळूचा नाय, असा खंय लिवलेला आसा?”

भटजींनी टक्कल खाजवलं. “लिवलेला नाय. पण माळूचा असाय लिवलेला नाय.”

“मगे अर्धा तुमचा, अर्धा माजा,” म्हटलं, आणि एक झुबका तोडला, माझ्या अंबाड्यात खोचला. तिथेच, ओट्यावर, सगळ्यांसमोर. अबोली नाही, शेवंती नाही, मोगरा नाही, त्यांचे सगळे नियम मला पाठ आहेत आणि मी ते मोडलेले नाहीत. हे फूल नियम करणारे मेल्यावर आलं.

मग मी आत गेले आणि नातीच्या केसात बाकीचं सगळं माळलं. ती एवढी सुंदर दिसत होती अक्का, निळी निळी, मालवणचा समुद्र दिवाळीनंतर दिसतो ना तशी. मी अक्षता टाकायला पुढे उभी होते. पुढे म्हणजे पुढे, पहिल्या रांगेत. भाई जेवले नाहीत. भटजी मात्र दोनदा बासुंदी मागून जेवले.

आता तुझ्या पत्राचं.

भाई पंचांसारखे येऊन बसले परवा. म्हणाले, देवाक गाऱ्हाणा घाला, चुकलंय म्हणा, नायतर भावकीतलो कोण गणपतीक येवचो नाय. सदानंद म्हणाला, “आई, एकदा चुकलंय म्हण आणि मोकळी हो.” मी म्हटलं, मोकळीच आहे. तू लिहितेस की मी माफी नाही मागितली तर तू बांद्याच्या देवळात माझ्या नावाने नारळ ठेवशील. नको ठेवूस. तो नारळ घरी वाटून कढी कर आणि जेव. माझ्या नावाने माझ्याखेरीज कुणी माफी मागायची नाही, आणि मी मागणार नाही. भजन नाही आलं तर नाही आलं. मी आणि सून आरती म्हणू, इमेल्डा गडग्यावरून टाळ्या वाजवील. देव आमच्याकडे नाही आला असं तर कुणाला म्हणता येणार नाही ना?

आणि ऐक, काल काशीबाई आली. आमच्याच वाडीतली, गेल्या वर्षी तिचाही नवरा गेला. मागीलदारातून आली, इकडचं तिकडचं बोलली, लग्नाबद्दल चकार शब्द नाही. जाताना हळूच म्हणते, “वयनी, एक फांदी दी गो त्या निळ्याची.” मी तीन दिल्या.

माझं हे सगळं लिहून झालं होतं आणि मी पत्र बंद करणार होते. मग परत उघडलं. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, ‘आपल्याकडे असलं कधी झालं नाही.’ त्या ओळीवर मी थांबले आहे सकाळपासून.

आपल्याकडे काय झालं ते मी बघितलंय. तू एकोणीस वर्षांची होतीस, सासरहून परत आलीस, पांढऱ्या कपाळाने. मी नऊ. विहिरीकडच्या बांधावर तू लावलेली अबोली होती, माझ्या कमरेएवढी, तुझ्याच हाताने वाढलेली, रोज संध्याकाळी तू आम्हा पोरींना केसांत माळायला वळेसर करून द्यायचीस. बाबा कुदळ घेऊन गेले आणि सगळी रांग उपटली. घरात आता कुणी माळणारी नाही म्हणाले. मी होते की, आई होती. तू ओट्यावरून बघत होतीस आणि तुझ्या तोंडावर काही नव्हतं. मी विचारलं, झाडांनी काय केलं? आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत तू एकदाही विहिरीकडे त्या बाजूने गेली नाहीस, वळसा घालून जायचीस. मला माहीत आहे. मी मागून यायचे.

तू लग्नाला आली नाहीस ते गुडघ्यांमुळे नाही. मोठ्या बहिणीला धाकटीच्या घरचे लाडू खायला गुडघे लागत नाहीत. तू आली नाहीस कारण तुला मागीलदारी बसवतील हे तुला ठाऊक होतं, आणि मला तिथे बसलेलं तुला बघायचं नव्हतं. मी बसले नाही अक्का. ज्या वेळी मी ते फूल खोचलं तेव्हा मला ह्यांची आठवण आली असती तर बरं होतं, पण खरं सांगू, मला तू दिसलीस, ओट्यावर उभी.

म्हणून तू रागाव, पण मला माफी मागायला लावू नकोस. दुसरं कुणी लावलं तर मी हसेन. तू लावलंस तर मला लागतं.

शंकर कंडक्टरच्या हाती, उद्याच्या बांद्याच्या गाडीने, तुला सहा काड्या पाठवते. केळीच्या सोपात ओलं कापड घालून बांधल्या आहेत, उन्हात ठेवू नको. काडीच्या खालची पानं काढ, वरची अर्धी काप, दोन डोळे मातीत जाऊ देत. वाळू आणि कुजका पाला मिसळ. आता पाऊस आहे, लागेल. भाचा काही बोलला तर सांग, बहिणीने पाठवलंय, पोथीत बघून घे. तुझ्या अंगणात चुना नाही, म्हणजे निळंच येईल.

चतुर्थीला ये. गाडीवर सदानंदाला पाठवते. माझ्याकडे ह्या वर्षी माणसं कमी असणार, पाट रिकामे पडतील, पुढच्या रांगेतले.

पहिल्या वर्षी हे झाड फुलत नाही, ते आधीच सांगते, नाहीतर उपटून टाकशील. दुसऱ्या वर्षी फुलतं. तू चौऱ्याहत्तरची आहेस आणि दर पत्रात मरणाचं लिहितेस. दुसऱ्या वर्षीचा मे महिना होईपर्यंत मरायचं नाही, बजावून ठेवते.

तुझ्या मागून येणारी,
यशू