गुलाल माखलेला मोर्चा

प्रिय वर्षाराणी,

तीन दिवस झाले, तुझा फोन वाजून राह्यला अन् मी उचलला न्हाई. का, ते तुला बराबर ठाऊक आहे. तुझी माय म्हणते, तोंडानं बोलवत नसेल तर कागदावर बोला, पण पोरीला असं टांगून ठेवू नका. म्हणून लिहायला बसलो. राग सगळा गेला असं समजू नकोस. थोडा अजून शिल्लक आहे.

निकाल तू तिकडं जालन्यात टीव्हीवर पाह्यलासच. आपल्या सर्जेरावांचं डिपॉझिट गेलं. देशभरात तर लाल बावट्याचं नाव घ्यायला कुणाला फुरसत न्हवती. खालच्या पट्टीत 'इतर' म्हणून जे असतं ना, त्यात आपण. जन्मभर ज्या झेंड्यापायी चपला झिजवल्या, पाठीवर काठ्या खाल्ल्या, तो झेंडा 'इतर'. अन् सगळ्यात जास्त लागलं ते आपल्या वस्तीचं. ज्या गायरानावर तुझ्या आज्यानं मेंढ्या चारल्या, अन् जे आपण सगळ्यांनी मिळून दगडं वेचून कसायला घेतलं, त्या गायरानावरच्या घरांनीबी मत दुसऱ्यालाच दिलं. मला तर जेवण गेलं न्हाई.

दिवस मावळायच्या आत जिंकलेल्यांची मिरवणूक आली. डीजेनं पत्रे हादरून राह्यले. दारात जाऊन पाह्यलं तर पुढं कोण? आपली शेजारीण सगुणाबाई. मोर्चात माझ्या आधी घोषणा देणारी बाई, गुलालात न्हाऊन नाचून राह्यली. मला पाहून लाजलीबी न्हाई, उलट हात केला. माझ्या टाळक्यात जाळ झाला. दुसऱ्याच दिवशी जाफ्राबादला तहसीलवर आपला मोर्चा ठरलेला होता, गायरान खाली करायच्या नोटिसा आल्यात त्याच्यासाठी. मी तिथल्या तिथं टेम्पोवाल्या रामप्रसादला फोन लावला अन् सांगितलं, येऊ नको, मोर्चा रद्द. ज्यांनी मत दिलं न्हाई, त्यांच्यासाठी मी का मरू?

तुझी माय चुलीपुढं भाकरी थापत होती. तुला तिचा स्वभाव माहीत आहे, चार शब्दांच्या जागी एक वापरणारी बाई. माझा तमाशा तिनं शेवटापर्यंत ऐकून घेतला, भाकरी उलटली अन् म्हणाली, "मत त्यांचं व्हतं, त्यांनी दिलं. मोर्चाबी त्यांचाच हाय. तुमचं काय व्हतं त्याच्यात?"

तोंडावर पांघरूण घेऊन पडलो.

सकाळी उठलो तर तुझी माय घरात न्हाई, अन् कोपऱ्यातला झेंडाबी न्हाई. म्हटलं, बिचारी फाट्यावर एकटीच झेंडा धरून उभी असेल, लोक हसतील. फटफटी काढली. फाट्यावर चहावाला संपत म्हणाला, टेम्पो आला न्हाई म्हणून बाया थोडा वेळ थांबल्या, मंग पायीच निघाल्या. कोण बाया, म्हणून विचारलं तर तो माझ्याकडं येड्यासारखा पाहत राह्यला. म्हणाला, सगळ्याच की.

वर्षे, पुढं जे पाह्यलं ते तुला कसं सांगू? वळण संपलं अन् रस्ता बायांनी भरलेला. सर्जेरावांच्या सभेलाबी एवढी माणसं न्हवती. ऊन वर आल्तं, पदर डोक्यावर, कडेवर लेकरं, फडक्यात भाकरी. पुढं तुझी माय झेंडा घेऊन. अन् सगळ्यांच्या केसांत, भांगात, कानाच्या पाळीमागं कालचा गुलाल. धुऊनबी निघाला न्हवता. दुसऱ्याच्या विजयाचा गुलाल माखून माझ्या हरलेल्या झेंड्यामागं चालून राह्यल्या होत्या, अन् त्यात त्यांना काहीच वावगं वाटत न्हवतं. मी गाडी बंद करून उभा राह्यलो. एवढी वर्षं मी ह्या लोकांना शिकवत आलो, अन् ही माणसं केवढी आहेत तेच मला समजलं न्हवतं.

सगुणाबाईनं मला पाह्यलं. "काय रायभानदादा, मोर्चा रद्द केल्ता म्हणं?" सगळ्या हसल्या. मी रामप्रसादला बोलावून टेम्पो आणवला, तर चढायला कुणी तयार न्हाई. म्हणाल्या, आता येताना बसू. मंग मीबी गाडी ढकलत त्यांच्यासोबत पायी गेलो. वाटेत सगुणाबाईनं आपण होऊन सांगितलं. सुनेचं बाळंतपण अडलं तेव्हा निवडून आलेल्याच्या माणसानं गाडी दिल्ती, ते उपकार मतानं फेडले. जमिनीचं विचारलं तर म्हणाली, जमिनीला तुमीच की. तहसीलच्या दारात दुपारपर्यंत बसलो. सुनावणी झाल्याबगर कुणाला उठवणार न्हाई, असं साहेबांनी लिहून दिलं. येताना टेम्पोत पुढची सीट मी सगुणाबाईला दिली.

अन् घरी येऊन हात धुताना तू आठवलीस. निकालाच्या संध्याकाळी फोनवर तू म्हणालीस, दादा, ह्या वेळी मी आपल्याला मत दिलं न्हाई. मी विचारलं न्हवतं. मशीनच्या आतलं कुणाला दिसतं? गप्प बसली असतीस तर मी खुशाल राह्यलो असतो. पण तू हरलेल्या बापाशी खोटं बोलली न्हाईस, अन् मी म्हणालो, माझी लेक मेली. शेजारणीला पुढची सीट अन् पोटच्या पोरीला हा शब्द! तो शब्द मी परत घेतो, बाई. एवढं धाडस माझ्या घरात वाढलं, ह्याचंच मला नवल वाटून राह्यलंय. हे पत्र मिळालं की फोन कर. पहिल्या घंटीला उचलतो. मत का दिलं न्हाई त्यावर मंग बसून नीट भांडू.

तुझाच, अन् डिपॉझिट गेलेल्या पक्षाचा,
दादा