सरासरीच्या रकान्यातली खूण

सोमवार, ३ एप्रिल २०२३

राहत आली होती. भर दुपारी, पार छावणी भागातल्या घरून चालत. पाणी पुढे केलं तर म्हणाली, "रोजा आहे बाई." विसरलेच होते.

काम शिफारशीचं. पुण्याचं एक कॉलेज आहे – देशभरातून साठच मुलं घेतात. शहरं, रस्ते, पाणी असा तीन वर्षांचा अभ्यास. हिला बारावीला अठ्ठावन्न टक्के, तेही मागच्या वर्षी. वर्षभर वडिलांच्या कूलर दुरुस्तीच्या दुकानात बसली. प्रवेश परीक्षेतही मधेच कुठेतरी. पण मुलाखतीला बोलावलं आणि ती बरी गेली म्हणते. "ते नुसते मार्क नाही बघत बाई. ज्यांनी शिकवलं त्यांचं मत मागतात."

मी सांगितलं, खरं असेल तेच लिहीन. म्हणाली, "म्हणूनच तर तुमच्याकडे आले."

आठवी ते दहावी माझ्या वर्गात होती. भूगोलाची वही स्वच्छ असायची. एवढं आठवतं.

बुधवार, ५ एप्रिल

फॉर्म भरून पाठवला. कॉम्प्युटरवरच होता. कुणाची मदत लागली नाही.

एक प्रश्न असा – आपण आजवर शिकवलेल्या विद्यार्थ्यांत ही विद्यार्थिनी कुठे बसते? खाली रकाने. पहिल्या एक टक्क्यात, पाच, दहा, पंचवीस, आणि शेवटी सरासरी. प्रश्न गंभीर आहे, म्हणून अर्धा तास विचार केला. चौतीस वर्षांतली मुलं डोळ्यांसमोर आणली. पैकीच्या पैकी घेणारा सांडू. न्यायाधीश झालेली खुलताबादची मुलगी. त्यांच्या रांगेत राहत? नाही. तिसऱ्या बाकावर बसायची, विचारलं तेवढंच बोलायची. साठ-बासष्टच्या पुढे कधी गेली नाही.

सरासरीवर खूण केली. खाली लिहिलं – प्रामाणिक, नियमित. काम नीटनेटके. प्रगती समाधानकारक.

प्रगतिपुस्तकावर मी 'समाधानकारक'च्या पुढे सहसा गेले नाही. 'उत्तम' साऱ्या नोकरीत अकरा जणांना दिलं. पालक भांडायला यायचे. येऊ देत.

शनिवार, ८ एप्रिल

नळ नाही. दहावा दिवस. टँकरवाल्याशी वाद.

मंगळवार, ११ एप्रिल

बन्सीचा फोन. माझ्या भावाचा मुलगा, नाशिकला प्राध्यापक. त्याच्या कॉलेजातही असेच फॉर्म येतात, म्हणून सहज बोलता बोलता सांगितलं.

"आत्या, सरासरी? खरंच?"

"मग काय खोटं लिहू?"

"अगं, तिथं येणारी सगळी पोरं पहिल्या पाच टक्क्यांत असतात. पंचवीस म्हटलं की आम्ही समजतो, मास्तरांना पोरगं आवडत नाही. सरासरी आजवर मी एकदा पाहिलंय. त्या मुलाला कॉपी करताना पकडलं होतं."

मी म्हटलं, सगळीच्या सगळी पहिल्या पाचात कशी बसतील? हसला. "ते गणित नाही आत्या, रीत आहे ती. लग्नपत्रिकेत सगळ्यांना चिरंजीव लिहितात ना, तसं."

राग आला. त्याचा की स्वतःचा, ठरवता येईना. जेवण गेलं नाही.

बुधवार, १२ एप्रिल

मनकर्णाबाई भाकरी थापता थापता विचारत होती, काय झालं, तोंड का उतरलं. सांगितलं. ती लासूरची, तिचा न्याय झटपट असतो. "लई कडक हाव तुमी बाई. सोयरिकीला मानूस आला अन् पोरगी कशी हाय म्हनला, तर कुनी सांगतं व्हय, तशीच हाय साधारन म्हनून? मोडली ना तुमी सोयरीक."

मी म्हटलं, हे लग्न नाही, शिक्षण आहे. ती म्हणाली, "पोरगी घराबाहेर पडायची हाय ना? मंग येकच."

गुरुवार, १३ एप्रिल

छावणीत गेले. राहतला तोंडावर सांगायचं ठरवून गेले होते. ती नव्हती. तिचे वडील कय्युमभाई दुकानात कूलरच्या जाळीत नवा वाळा भरत बसले होते. स्टूल पुसून दिलं. "बाई, तुम्ही लिहिलंत ना? बस. आता वर अल्ला आणि खाली तुम्ही."

भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर तीन वर्षांची कॅलेंडरं, प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरं. मी विचारलं. "पागल आहे पोरगी. नळ आला की दुनिया भांडी भरते, ही वेळ लिहिते. किती वाजता आला, किती वाजता गेला, कुणाच्या गल्लीत धार बारीक. सगळ्या मोहल्ल्यात फिरून."

मग त्यांनी तिची गुंडाळी काढून दाखवली. पांढऱ्या कागदावर अख्ख्या छावणीचा नकाशा. प्रत्येक गल्लीचा चढ-उतार, टाकीपासूनचं अंतर, पाणी पोचायला लागणारी मिनिटं. ज्या गल्लीत पाणी शेवटी पोचतं ती काही सर्वांत उंच नाही, हे तिने लाल शाईने खाली लिहिलंय – इथे पाईप अरुंद आहे, चढ नाही. प्रमाण बरोबर. उत्तर दिशा बरोबर. सूची मी शिकवली तशी, डाव्या कोपऱ्यात.

चौतीस वर्षं नकाशे तपासले. असा कुणी आणला नव्हता. सांडूनेही नाही.

आणि मी तिला कधी विचारलं होतं, घरी काय करतेस?

न सांगताच परत आले. भित्री.

शनिवार, १५ एप्रिल

काल सुट्टी, कॉलेजात फोन कुणी उचलला नाही. आज एक गृहस्थ मिळाले. मी म्हणाले, शिफारशीच्या फॉर्ममधला एक रकाना मला बदलायचा आहे. कारण विचारलं. सांगितलं – माझं मत बदललं, मुलीचं काम मी नंतर पाहिलं.

"मत बदललेलं चालत नाही मॅडम. मग रोज दहा जणांचं बदलेल. चुकून दुसऱ्या रकान्यात खूण झाली असेल, तर तसं लेखी द्या. चुकीला तरतूद आहे."

"चुकून झालेली नाही."

"मग नाही होणार मॅडम."

रविवार, १६ एप्रिल

सकाळी अकराला पाठवलं. 'चुकून सरासरीच्या रकान्यात खूण झाली. सदर विद्यार्थिनी पहिल्या एक टक्क्यात बसते. तिने काढलेला छावणीचा नकाशा जरूर पाहावा.'

यातलं 'पहिल्या एक टक्क्यात' हे खरं आहे. नकाशा खरा आहे. 'चुकून' एवढं खोटं.

अर्धा तास विचार करून केलेली खूण. चुकून!

शनिवार, २२ एप्रिल

ईद. राहत शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. नवा ड्रेस, हातावर मेंदी. बसवलं आणि सगळं सांगितलं – खूण, बन्सी, नकाशा, दुरुस्ती. 'चुकून'सुद्धा.

बोटाने डब्याचं झाकण फिरवत ऐकलं. मग म्हणाली, "दहावीला तुम्ही माझ्या प्रगतिपुस्तकावर 'समाधानकारक' लिहिलं होतं. अब्बांनी गल्लीभर दाखवलं. लोक म्हणायचे, यात काय एवढं? अब्बा म्हणायचे, ही बाई कुणाला असं देत नाही." डबा माझ्यापुढे सरकवला. "आम्हाला ठाऊक होतं बाई. पुण्याच्या लोकांना कसं ठाऊक असणार?"

मी म्हटलं, चुकलं माझं. आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल हे, बोटांवर मोजण्याइतकं.

"सरासरी लिहिलं त्याचं नाही काही. मार्क तर आहेतच तसे. पण एकदा विचारायचं होतं, राहत, तू काय करतेस? मी घेऊनच आले असते नकाशा." उठली. दारात म्हणाली, "डबा राहू द्या. अम्मी नेईल."

शीरखुर्मा खाल्ला. तिची आई गुलशन चांगला करते.

सोमवार, २४ एप्रिल

यादी लागलेली नाही. मनकर्णाबाई रोज विचारते. तिला गप्प बसवलं.

गुरुवार, २७ एप्रिल

कॉलेजचं पत्र. राहतची निवड तेरा तारखेलाच झाली होती. मुलाखतीला ती नकाशा घेऊन गेली होती. सरासरीची खूण समितीने पाहिली, त्यावर चर्चा केली आणि तरी घेतलं. माझी दुरुस्ती सोळाला पोचली. एकाच शिक्षिकेची दोन मतं आल्यामुळे आता प्रवेश रोखून धरला आहे. विचारतात – दुसरं पत्र लिहिण्यासाठी उमेदवाराने किंवा तिच्या घरच्यांनी आपल्यावर दबाव आणला होता का?

उत्तर दिलं. दबाव कुणाचाही नव्हता. चूकही नव्हती. खूण विचार करून केली होती, 'चुकून' हा शब्द मी खोटा लिहिला, आणि तो कुणी लिहायला लावला नाही. मुलीचा यात काहीही संबंध नाही.

पाठवून लगेच छावणीत निघाले. हे तिला माझ्याकडूनच कळायला हवं.